सास्काचेवानच्या कोरड्या उन्हाळ्यात मसूर किती येईल, हे शेतावरून कसं ओळखायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लातूरला डाळमिल आहे, लाल मसूर बराचसा कॅनडाचा घेता. जुलैच्या मध्यावर एका दलालाने करपलेल्या शेतांचे फोटो पाठवले, दुसऱ्याने हिरव्यागार शेताचा व्हिडिओ पाठवला, आणि कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या साप्ताहिक पीक अहवालात जवळपास निम्मं पीक ‘चांगलं’ लिहिलंय. या तिघांत खरं कोण आणि माल आत्ताच धरून ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा उदगीरकडचा. गेले अठरा हंगाम नैर्ऋत्य सास्काचेवानमध्ये पीक सल्लागार म्हणून शेतं हिंडतो. मसूर, वाटाणा आणि ड्युरम, म्हणजे पास्त्याचा कडक गहू, हेच माझं रोजचं काम. बाजार कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही, तो माझा विषय नाही. पीक कसं वाचायचं ते मात्र सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची खरी अडचण तिथेच आहे. तिघेही खरं बोलत असतील. तुम्ही ‘पाऊस पडला की नाही’ हे विचारताय. मसुरासाठी विचारायचं ते असं की पावसाने ओढ दिली तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होतं आणि खाली जमिनीत ओल किती होती.

आधी इथला हंगाम डोळ्यासमोर आणा. बर्फ एप्रिलमध्ये वितळतं, मसुराची पेरणी एप्रिलअखेर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत होते, फुलोरा जूनअखेरीस सुरू होऊन जुलैभर चालतो आणि ऑगस्टमध्ये काढणी. नावाला उन्हाळा असला तरी गणित आपल्या रब्बीचं आहे. आपली रब्बी ज्वारी जशी परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते, तसंच हे पीक मागच्या शरदातल्या पावसावर, वितळलेल्या बर्फावर आणि मे-जूनच्या दोन-चार सरींवर येतं. आमच्याकडच्या स्विफ्ट करंट या गावाच्या भागात वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे लातूरच्या साधारण निम्मं. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने हा मुलूख पाहिला आणि इथला एक त्रिकोणी पट्टा शेतीला अयोग्य ठरवला. ‘पॅलिसरचा त्रिकोण’ हे नाव आजही चालतं, आणि तुमच्या मिलमध्ये येणारा बराचसा मसूर याच त्रिकोणातला असतो.

त्यामुळे ‘कोरडा उन्हाळा’ ही इथे बातमी नाही, बरीच वर्षं तसाच असतो. कोरडं म्हणजे किती खोलवर कोरडं, यावर सगळं ठरतं.

माझ्या गाडीत मीटरभर लांबीची लोखंडी सळई कायम असते, टोकाला गोळी बसवलेली. ओल्या मातीत ती अंगाच्या वजनाने आत सरकते. जिथे कोरडा थर लागतो तिथे अडते आणि मनगटाला धक्का बसतो. ती किती आत गेली, एवढाच त्या शेताचा शिल्लक जमाखर्च. हे काम मी ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठायच्या आधी, दरवर्षी करतो, कारण पुढच्या जुलैचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. भारी चिकणमातीत फूटभर थरात साधारण दोन इंच पाणी पिकाला मिळण्याजोगं राहतं, हलक्या वाळूसर जमिनीत एक-सव्वा इंच. प्रांताची राजधानी रेजायना, तिच्या आसपासची जमीन अगदी आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीची बहीण आहे: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते, आणि पाणी धरून ठेवते. तिथला मसूर तीन आठवडे पावसाविना काढू शकतो. साठ-सत्तर किलोमीटरवरच्या वाळूसर माळावर तेच तीन आठवडे पीक संपवतात. एका दलालाचा हिरवा व्हिडिओ पहिल्या जमिनीचा आणि दुसऱ्याचे करपलेले फोटो दुसऱ्या जमिनीचे असतील, तर भांडण कशाचं?

आता मसुराचा स्वभाव. हे तुम्हाला व्यापारी सांगणार नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. मसुराला थोडा ताण लागतो. हे पीक वाढतच राहणारं आहे. खाली शेंगा भरत असताना वर नवी फुलं येत राहतात. पाणी मुबलक मिळालं तर पाला माजतो, पीक लोळतं, अँथ्रॅक्नोज हा बुरशीचा रोग आणि मूळकूज धरते, आणि शेंगांचा पत्ता नसतो. म्हणून जुलैच्या उत्तरार्धात थोडी कोरड पडलेली इथल्या शेतकऱ्याला हवीच असते. त्या ताणानेच झाड फुलं थांबवून दाण्याकडे वळतं. कॅनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियेच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते त्याच आठवड्यात मसूरवाला निवांत असू शकतो. ‘प्रेअरीत’, म्हणजे इथल्या सपाट माळरानाच्या प्रांतांत, ‘पिकांची हालत खराब’ अशी बातमी आली आणि ती मुख्यतः कॅनोला-गव्हाबद्दल असली, तर तिचा तुमच्या मसुराशी थेट संबंध लावू नका.

पण ताणालाही हद्द आहे, आणि ती ओलांडायला बहुधा उष्णता लागते. फुलोऱ्यात तापमान तिशीच्या बरंच वर जाऊन काही दिवस तिथेच राहिलं, रात्रीही गारवा मिळाला नाही, तर कळ्या आणि फुलं गळतात. लातूरच्या माणसाला पस्तीस अंश म्हणजे काही नाही वाटणार. पण इथे जूनअखेरीस सूर्य सोळा तास डोक्यावर असतो, वारा कोरडा आणि थांबायचं नाव न घेणारा, आणि पीक गार हवेत वाढलेलं. खाली ओल असेल तर झाड पाणी उडवून स्वतःला गार ठेवतं. नसेल तर फूल सोडून देतं.

२०२१ साली नेमकं हे सगळं एकत्र आलं. आदल्या शरदात पाऊस नव्हता, खालचा थर कोरडाच गोठला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिमेकडून ती प्रचंड उष्णता आली; ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी २९ जूनला ४९.६ अंश नोंदले गेले, कॅनडाच्या इतिहासातलं सर्वाधिक तापमान. आमच्याकडे पारा पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान होता आणि मसूर नुकता फुलावर आला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातलं एक शेत अजून डोळ्यासमोर आहे. स्विफ्ट करंटच्या दक्षिणेला, १६० एकरांचा एक सलग तुकडा, ज्याला इथे ‘क्वार्टर’ म्हणतात. रस्त्यावरून बघितलं तर हिरवं होतं. रस्त्याकडेच्या चरात आणि कुंपणापाशी हिवाळ्यात बर्फ साठतं, वितळून तिथेच मुरतं, म्हणून काठचे वीस-तीस पावलं पीक नेहमी बरं असतं. शंभर पावलं आत गेलो तसं रोप गुडघ्याखालून घोट्यावर आलं. उंचवट्यांवर तर वीतभरसुद्धा नव्हतं. खाली बसून एक रोप उपटलं. खालच्या दोन पेरांवर शेंगा होत्या, बहुतेकांत एकच दाणा. त्यावरच्या चार-पाच पेरांवर केसासारखे बारीक देठ तेवढे उरले होते, फुलं गळून गेलेली. शेंडा मात्र हिरवा होता, आणि रस्त्यावरून दिसत होतं ते हेच हिरवं. म्हातारा शेतकरी शेजारी उभा होता. त्याने रोप हातात घेतलं, देठ मोजले आणि काही न बोलता खिशात ठेवलं.

त्या वर्षी देशभरात मसुराचा पेरा आदल्या वर्षाइतकाच होता, पण उत्पादन २०२० च्या सुमारे २८.७ लाख टनांवरून १६ लाख टनांच्या आसपास घसरलं. एकरी हिशेब केला तर पावणेसात क्विंटलवरून चारच्या आत. वाटाणा ४६ लाख टनांवरून निम्म्यावर आला, गहू साडेतीन कोटींवरून सव्वादोन कोटींच्या घरात. कोरडी वर्षं मी बरीच पाहिली, पण इतकी पडझड एकदाच पाहिली. म्हणून दर कोरड्या जुलैत ‘पुन्हा २०२१’ म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: आदल्या ऑक्टोबरची ओल किती होती?

आता अहवालाकडे. सास्काचेवानचा पीक अहवाल एप्रिल ते ऑक्टोबर दर गुरुवारी येतो. गावोगावचे शेतकरी आणि जाणकार स्वयंसेवक म्हणून माहिती कळवतात, त्यावरून तो तयार होतो. वरच्या थरातली ओल जास्त, पुरेशी, कमी, फार कमी. पिकाची स्थिती उत्तम, चांगली, मध्यम, वाईट, फार वाईट. मला तो आवडतो, प्रामाणिक असतो. पण आपल्याकडचे लोक तो पैसेवारीसारखा वाचतात, आणि घोळ तिथे होतो. आपली पैसेवारी म्हणजे सर्वसाधारण उत्पन्नाच्या तुलनेत यंदा किती, हे सांगणारा आकडा. पन्नासच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू. इथला ‘पन्नास टक्के चांगलं’ म्हणजे उत्पन्न पन्नास टक्के नव्हे. पाहणाऱ्याला आपल्या भागातल्या अर्ध्या क्षेत्रावरचं पीक त्या दिवशी चांगलं वाटलं, इतकाच त्याचा अर्थ. त्यातही ‘वरचा थर’ म्हणजे वरचाच; वळवाची एक सर आली की ‘पुरेशी ओल’ असं दिसतं आणि फूटभर खाली धूळ असू शकते.

आपल्याकडे नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीन टप्प्यांत पैसेवारी जाहीर होते ना, ती चौकट इथे चांगली बसते. साप्ताहिक अहवाल हा नजरअंदाज. ऑगस्टअखेर राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, म्हणजे स्टॅटिस्टिक्स कॅनडा, उपग्रहचित्रं आणि हवामानाच्या नोंदींवरून उत्पादनाचा अंदाज देते आणि सप्टेंबरमध्ये तो दुरुस्त करते, ते सुधारित. डिसेंबरच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाहणीवर आधारलेला आकडा येतो, तो अंतिमच्या जवळचा. जुलैच्या नजरअंदाजावर डिसेंबरचा सौदा करणं मला धोक्याचं वाटतं.

अहवालातली आणखी एक गोष्ट बघा. तो सहा विभागांचा असतो आणि मथळ्यात संपूर्ण प्रांताची सरासरी येते. मसूर प्रामुख्याने नैर्ऋत्य आणि मध्य-पश्चिम विभागात, शिवाय रेजायना-मूस जॉच्या पट्ट्यात. ईशान्येत पाऊस भरपूर झाला तर प्रांताची सरासरी सुधारते, तुमच्या मसुराला त्याचा काही उपयोग नाही. मथळा सोडून त्या दोन विभागांचा परिच्छेद वाचा.

थोडक्यात इथपर्यंत: खालची ओल, फुलोऱ्यातली उष्णता, आणि नेमका कोणता विभाग. या तीन गोष्टी कळल्याशिवाय फोटोला अर्थ नाही.

मग दलालाकडे काय मागायचं? फोटो रस्त्यावरून नको, शेतात शंभर पावलं आत जाऊन काढलेला हवा. एक सखलातला आणि एक उंचवट्यावरचा. उपटलेलं रोप कागदावर ठेवून, शेंगा दिसतील असा. आणि मोजणी. मी करतो ती सोपी आहे. एका चौरस मीटरमध्ये रोपं किती, रोपाला भरलेल्या शेंगा किती, शेंगेत दाणे किती. चांगल्या पेरणीत चौरस मीटरला १३० रोपं धरतात, प्रत्यक्षात ११०-१२० सापडतात. बऱ्या वर्षी १२० रोपं, रोपाला २५ शेंगा, शेंगेत सरासरी दीड दाणा आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं, तर चौरस मीटरला १८० ग्रॅम, म्हणजे एकरी सव्वासात क्विंटल. वाईट वर्षी ११० रोपं, १२ शेंगा, १.४ दाणे, वजन ३८ ग्रॅम. येतात जेमतेम ७० ग्रॅम, एकरी पावणेतीन क्विंटलच्या वर थोडं. रोपांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे, हे लक्षात घ्या. रस्त्यावरून दिसतं ते रोप, शेंगा दिसत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात घाईत होतो, एका शेताच्या काठावर मोजणी केली आणि मालकाला एकरी साडेसहा क्विंटलचा अंदाज दिला. त्याने त्या भरवशावर आगाऊ सौदा केला. मळणीत चारच्या थोडं वर निघालं, आणि उरलेला माल त्याला दुसऱ्याकडून चढ्या भावाने घेऊन द्यावा लागला. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. तेव्हापासून काठावर मोजत नाही, आणि पाच ठिकाणांपेक्षा कमी जागी मोजून आकडा देत नाही.

मोजून आलेला आकडा पूर्ण घरात येतो असंही नाही. कोरड्या वर्षी रोप बुटकं राहतं, खालच्या शेंगा जमिनीपासून दोन-तीन इंचांवर लटकतात. पेरणीनंतर इथे जमिनीवर रूळ फिरवतात, दगड दाबण्यासाठी. तरी कापणी यंत्राचं पातं अगदी जमिनीला घासत न्यावं लागतं आणि काही शेंगा धसकटातच राहतात. शिवाय नाकतोडे. सलग कोरडी, ऊबदार वर्षं आली की ते वाढतात, आणि मसुरात ते पाल्याआधी फुलं आणि कोवळ्या शेंगांवर बसतात. म्हणून गव्हात चौरस मीटरला आठ-दहा नाकतोडे चालवून घेतात, तर मसुरात दोन दिसले की फवारणीचा विचार सुरू होतो.

तुमच्या मिलच्या दृष्टीने नाकतोड्यांचा दुसरा उपद्रव आहे. मळणीत त्यांची डोकी तुटतात आणि ती मसुराच्या दाण्याएवढीच असतात. चाळणीतून सुटता सुटत नाहीत. कोरड्या वर्षी नमुना मागवलात तर तो पांढऱ्या कागदावर पसरून बघा. दाणा बारीक असेल, थोडा सुरकुतलेलाही, म्हणजे डाळीचा उतारा कमी बसेल. आणि माल अती वाळलेला असतो. मसूर १३-१४ टक्के ओलाव्याला हाताळायला चांगला. ऑगस्टच्या कोरड्या वाऱ्यात तो त्याच्या बराच खाली जातो, मग कणगीपासून रेल्वेपर्यंत, रेल्वेपासून जहाजापर्यंत प्रत्येक चढउतारात टरफल सुटतं, कडा फुटतात. टनांचा आकडा बघताना मिलवाल्याने हेही धरायला हवं. ९५ टन बऱ्या दाण्याचे आणि ९५ टन बारीक, फुटक्या दाण्याचे सारखे नाहीत.

एक गोष्ट इथल्या शेतकऱ्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. १९३० च्या दशकात याच जमिनीवरून धुळीची वादळं उठत होती, लोक शेतं सोडून गेले. त्यावर उपाय म्हणून १९३५ साली केंद्र सरकारला खास यंत्रणा उभी करावी लागली. २०२१ ची कोरडही पिकाला जबर लागली, पण ती वादळं परतली नाहीत. कारण आता बहुतेक जण नांगरत नाहीत. मागच्या पिकाची धसकटं उभी ठेवून त्यांच्यामध्येच पेरतात. धसकटं बर्फ अडवतात, ऊन अडवतात, माती धरतात. आणि एक वर्षाआड जमीन पडीक ठेवायची जुनी पद्धत सुटली ती मसूर-वाटाण्यामुळे. सास्काटूनच्या विद्यापीठात ॲल स्लिंकार्ड या पैदासकाराने १९७० च्या दशकात मसुरावर काम सुरू केलं, १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण आलं, आणि पडीक राहणाऱ्या जमिनीवर मसूर उभा राहिला. त्याआधी इथे हे पीक फारसं कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या आमटीतला मसूर या जमिनीला सांभाळतो, हे मला इथे आल्यावर कळलं, आणि घरी फोन केला की आईला मी हेच सांगत असतो.

माल धरावा का, यावर माझं मत इतकंच. जुलैच्या मध्यावर सगळं गोदाम एका बातमीवर भरू नका आणि एका हिरव्या व्हिडिओवर निर्धास्तही राहू नका. तुमच्याकडे दोन महिन्यांचा माल असेल, तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबणं परवडतं. तोवर शेंगा मोजता येतात आणि पहिली मळणी सुरू झालेली असते. माल संपतच आला असेल, तर तुमचा निर्णय पिकावर नाही, गरजेवर ठरेल, आणि त्यात माझा सल्ला उपयोगी नाही. ऑस्ट्रेलियाचा मसूर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरदरम्यान निघतो, त्याचाही अंदाज हाताशी ठेवा.

आणि एक. ऑगस्टमध्ये कोणी ‘तिकडे पाऊस झाला’ म्हणून कळवलं, तर मराठवाड्याचं मन लगेच सुखावतं. माझंही अजून सुखावतं. पण पिकलेल्या मसुरावर आलेला पाऊस टरफलाचा रंग घालवतो, आणि ताणलेल्या झाडाला उशिरा पाणी मिळालं तर ते नवा फुटवा काढतं. मग पिकलेल्या शेंगांबरोबर हिरव्या शेंगाही यंत्रात जातात आणि नमुन्यात कच्चा हिरवा दाणा दिसतो. तेव्हा पाऊस किती झाला हे विचारायच्या आधी विचारा, शेंगा तेव्हा हिरव्या होत्या की वाळल्या होत्या.